अंगावरचं उतरलेलं

कमळाने कुर्ता उलटा करून मशीनवर घेतला आणि कॉलरच्या आतल्या बाजूला तिचं बोट थांबलं.

"काय गो मनू, ही खूण कसली?"

निळ्या शाईतल्या तीन बारीक रेघा आणि एक ठिपका. धोबी घालतो तशी खूण. मनस्वीने हातातल्या पुस्तकावरून नजर काढली नाही.

"दुकानातलीच असेल."

"दुकानवाले कपडे धोब्याकडे कधीपासून टाकायला लागले?"

"नवा आहे, आई. सेलमध्ये घेतला."

कमळाने उसवलेल्या जागी शिवण घातली, दोरा दाताने तोडला. चौथीत असताना ती एकदा कुणाचा तरी फ्रॉक घालून शाळेत गेली होती. तिची आई ज्या घरी भांडी घासायची, त्या घरच्या मुलीचा. त्या मुलीने भर वर्गात तो ओळखला होता. ही हकिकत ती वर्षातून एकदा तरी सांगायची. आज सांगितली नाही. फक्त शेवटचं ठरलेलं वाक्य म्हणाली.

"माझ्या पोरीने कुणाचं उतरलेलं अंगाला लावलं नाही. माझंसुद्धा नाही."

मग कुर्त्याची घडी घातली आणि संध्याकाळी बांगडे मिळाले तर आणायला सांगितले. तो रविवार होता. सोमवारी मनस्वी कॉलेजात शिकवत असताना कमळा गेली.

तेराव्यानंतर चिमाआत्याने भावजयीचं कपाट रिकामं केलं. अकरा साड्या एका चादरीत बांधल्या आणि गाठोडं ओटीवर आणून ठेवलं.

"शेजारच्या नितेशला सांगितलंय. भरती लागली की खाडीत सोडून येईल. मेल्या माणसाचं घरात ठेवत नाहीत."

"घरात ठेवत नाहीये," मनस्वी म्हणाली. "दुकानात नेतेय. जुन्या कपड्यांचं दुकान आहे माळनाक्याला."

"विकणार? आईची लुगडी?" आत्याचा आवाज चढला. "प्राध्यापक झालीस नि बाजार मांडतेस? द्यायचीच तर गरिबाला दे कुणा."

"फुकट दिलेलं घेताना मान खाली जाते, आत्या. आईची गेली होती. तिथे मुली आरशासमोर उभ्या राहून निवडून घेतात."

"कोण घेतंय मयताचं!"

"खाडीत टाकून तरी कोण नेसणार? कालवं?"

आत्याने तोंडाला पदर लावला. हसू आलं की रडू, ते कळलं नाही. मनस्वी गाठोडं उचलून रिक्षात बसली. मागोमाग आत्याही चढली. "कोण घेतंय ते बघायलाच येतंय मी," ती म्हणाली आणि वाटेतल्या प्रत्येक वळणावर गाठोडं धरून बसली.

दुकानात मुलींची झुंबड होती. कॉलेजातला 'साडी डे' चार दिवसांवर आला होता. मालकीण ऋतिका पुढे आली.

"या मॅडम. तुमच्यासाठी एक हातमागाचा कुर्ता बाजूला ठेवलाय."

आत्याने ऋतिकाकडे पाहिलं, मग मनस्वीच्या अंगावरच्या कुर्त्याकडे.

"म्हणजे हे तुझे कपडे..."

"निम्मे इथलेच."

"वयनीला ठाऊक होतं?"

"मी सांगितलं नव्हतं. तिला कळलं होतं."

ऋतिका एकेक साडी उलगडून उजेडात धरत होती. कुठे विरली आहे, कुठे डाग आहे, ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी काठाला टाचायची, ही तिची पद्धत. जांभळ्या साडीच्या पदराशी ती अडली. इथे रफू आहे ना, तिने विचारलं. मनस्वीला ते शोधावं लागलं.

"बघू?" मागून एका मुलीने हात पुढे केला. महरीन, मनस्वीच्याच वर्गातली. तिने पदर बोटांवर घेतला. "मॅडम, किती बारीक काम आहे! कुणी केलंय?"

"मयताची आहे ती, पोरी," आत्या म्हणाली.

महरीनचा हात मागे आला. हे सांगायची काय गरज होती, अशा नजरेने ऋतिकाने मनस्वीकडे पाहिलं.

"खरं आहे," मनस्वी म्हणाली. आवाज वर्गात असतो तसाच होता. "माझ्या आईची साडी. चौदा दिवस झाले तिला जाऊन. रफू तिनेच केलंय. ऋतिका, ती गेलीय हेही चिठ्ठीवर लिही. सगळ्या अकरांवर लिही."

ऋतिकाने पेन उचललं, पण लिहिलं नाही. एक मुलगी मैत्रिणीला ओढत बाहेर गेली. आत्या दाराकडे बघत उभी होती. जिंकल्याचा आनंद काही तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

महरीन तिथेच होती. तिने विचारलं, "मी नेसले तर तुम्हाला चालेल, मॅडम?"

"त्यासाठीच आणलीय."

"मला नेसता येत नाही."

मनस्वीने तिला आरशासमोर उभं केलं. साडी कमरेला खोवली, पदर मापून खांद्यावर टाकला, आणि निऱ्या घेण्यासाठी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. सूत इतकं मऊ झालं होतं की निऱ्या आपोआप एकीवर एक बसत होत्या. अर्ध्यावर तिचा हात थांबला.

"काढू का, मॅडम?" महरीनने घाबरून विचारलं.

"नको. सरळ उभी राहा."

तिने निऱ्या पुन्हा मोजून घेतल्या, मुठीत घट्ट धरल्या. सगळं दुकान ऐकत होतं, आत्याही ऐकत होती. मनस्वीने मान वर केली नाही.

"आई," ती म्हणाली, "मला तुझी जुनी साडी नेसायची होती गं. मागायचा धीर झाला नाही."