ग्लासवरची चकती

मोरावियातल्या आमच्या गावच्या पबमध्ये बिअरचा ग्लास रिकामा दिसला की वेटर यारोमिर न विचारता भरलेला आणून ठेवतो. नको असेल त्याने ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. डॉक्टरांनी यकृताबद्दल बजावूनही रोज येणाऱ्या ओल्डरिखने ती कधी ठेवली नाही. शेजारी बसून बायको व्लास्ता सांगून थकली.

यंदा पबमध्ये सिगारेटला बंदी आली. आता ओल्डरिख ओढायला बाहेर गेला की व्लास्ता त्याच्या ग्लासवर चकती ठेवते आणि तो दारात दिसला की काढून घेते.

काल तो भडकला. "हा यारोमिर आंधळा झालाय का? ओढून परत आलो तरी ग्लास कोरडाच!"

"चिडू नकोस रे," व्लास्ताने लायटर पुढे सरकवला. "जा, अजून एक ओढून ये. तोवर मी बघते त्याच्याकडे."