बारावा दगड

तपासणीला आलेल्या वाळिंबे मॅडम अकराव्या दगडापाशी थांबल्या. बावीस वर्षं सरकारी अनुदानावर जपलेलं दगडफूल कुणीतरी साफ खरवडून नेलं होतं. जिवंत दगडफुलात माहिती साठवायचा हा प्रयोग एकूण साठ वर्षं चालायचा होता. आजवर ते जेमतेम तीन वर्तुळं आणि मधोमध एक ठिपका एवढंच लक्षात ठेवायला शिकलं होतं.

"गोड्या मसाल्यात घातलं, मॅडम," पहारेकऱ्याची बायको शेवंताबाई चाचरत म्हणाली. "बाजारातल्याला वासच नसतो. मला काय ठाऊक?"

दगडफुलातली नोंद नष्ट झाली की प्रयोग बंद, असा नियम होता. तसं लिहायला मॅडमनी पेन उघडलं आणि त्यांची नजर शेजारच्या बाराव्या दगडावर गेली. त्याला कुणी कधी काहीच शिकवलं नव्हतं. तरी त्याच्यावर नखाएवढी तीन वर्तुळं होती आणि मधोमध ठिपका.

"हे कधी उगवलं?"

"मी तिकडचं खरवडलं ना, त्याच आठवड्यात."

वर्षाला केसभर वाढणारं दगडफूल! मॅडमनी पेन बंद करून पर्समध्ये टाकलं. मग त्यांनी पलीकडच्या तेराव्या दगडाकडे पाहिलं. तो अजून कोरा होता.

"शेवंताबाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमची सुरी आणा. आता हा बारावाही खरवडा, माझ्यासमोर."