हिशेबनीस बाईंचं बटण

“मग? कुठलं ठरलं?” ऑफिसच्या भिंतीवरच्या, एसीचं बटण असलेल्या डबीचा स्क्रू काढता काढता एसी मेकॅनिकने पुन्हा विचारलं.

त्याच्या मुलीने हत्यारांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. आज दुपारपर्यंत कॉलेजला कळवायचं होतं, नाहीतर जागा हातची जाणार होती. एक कॉलेज नदीच्या अलीकडे, एक पलीकडे. दोन्हीकडे एसी-फ्रीज दुरुस्तीचाच कोर्स, दोन्हीकडे याच्या ओळखीचे मास्तर.

मेकॅनिकच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. त्याला स्वतःला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. बापाने हातात पाना दिला आणि म्हणाला, चल. विषय संपला. म्हणून तर त्याने ठरवलं होतं की आपल्या पोरीला आपण विचारायचं, तिच्या मनाप्रमाणे करायचं. आणि ही बया तोंडात मिठाची गुळणी धरून उभी.

तशी ती एकदा बोलली होती. निकाल लागला त्या संध्याकाळी. जनावरांची डॉक्टर व्हायचं म्हणाली होती. ते कॉलेज लांब, दुसऱ्या गावात, राहणंही तिथेच. तो पोट धरून हसला होता. मग म्हणाला होता, गंमत पुरे, या दोनांतलं कुठलं ते सांग.

हिशेबनीस बाई फायलीने वारा घेत बाजूला उभ्या होत्या. कालपासून बटण नुसतं गरगर फिरतंय, उकाड्याने आकडेसुद्धा दिसेनासे झालेत, अशी त्यांची तक्रार चालूच होती. मेकॅनिकने जुनी डबी काढून नवी बसवली. बाईंनी तिचं बटण फिरवलं आणि डोळे मिटले.

“हां. आता कसं गार वाटतंय.”

बाहेर जिन्यात आल्यावर मेकॅनिकला हसू आवरेना. त्याने जुनी डबी मुलीच्या हातावर ठेवली आणि तिला उलटी करून बघायला सांगितलं. मागे वायर नव्हती. कधीच नव्हती. गारवा किती ठेवायचा ते तळघरातल्या मोठ्या मशीनवर ठरायचं आणि त्या खोलीची किल्ली याच्या खिशात. पूर्वी या ऑफिसात एकाला उकडायचं, दुसऱ्याला हुडहुडी भरायची, रोज भांडणं. शेवटी साहेबांच्या सांगण्यावरून याने प्रत्येक टेबलापाशी एकेक डबी ठोकली, आणि सगळे कसे गप्पगार.

“लोकांना गारवा नको असतो गं,” तो म्हणाला. “बटण हवं असतं.”

मुलगी हसली नाही. ती डबीच्या मागची मोकळी जागा बघत राहिली. मग तिने विचारलं, या लोकांना कधीच कसं कळत नाही? कळेल कसं, तो म्हणाला, फिरवायला मिळतंय ना.

एवढ्यात त्याची नजर घड्याळावर गेली आणि त्याचा पारा पुन्हा चढला. त्याने खिशातून फोन काढला. दुसरे बाप विचारतसुद्धा नाहीत, इथे मी सकाळपासून पोरीच्या नाकदुऱ्या काढतोय आणि हिला त्याची काडीची किंमत नाही, असं तो बरंच काही बोलला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

“माझी काही जबरदस्ती आहे का तुझ्यावर? तुझं तू ठरव. फक्त बोल, अलीकडचं की पलीकडचं?”

मुलीने हातातल्या डबीचं बटण एकदा अलीकडे फिरवलं, एकदा पलीकडे. मग डोळे मिटले.

“ठरवलं, बाबा,” ती म्हणाली. “आता कसं गार वाटतंय.”