एकवीस सेकंदांची विहीण

“काकू, गाडीतून काळा कोट उतरतोय! वकील आणलाय त्यांनी!” निशा खिडकीतूनच ओरडली.

सरुबाईंनी दराब्याची परात खाली ठेवली. लेक गायत्री लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी यायची होती. तिच्यासाठी रवा, तूप, साखर घोटून घोटून त्यांचा खांदा भरून आला होता. पण परवा बहिणीला आणायला जवळच लालबागला गेलेला पंकज चहा पिऊन एकटाच परतला. “आधी त्या रीलचं निस्तरू, मग सुनेला पाठवू,” असा तिच्या सासूचा निरोप होता. आणि आज मुलीऐवजी ती सासूच, वैजयंतीबाई, निंबोल्यात सरुबाईंच्या दारात उभी होती. सोबत तिचा वकील भाचा निरंजन.

रील होती एकवीस सेकंदांची. लग्नात बायकांनी गाण्यातून विहिणीला झोडपायचं, ही इथली जुनी रीत. सरुबाईंचा त्यात हातखंडा. मांडवात केळीच्या खांबाला टेकून, कमरेवर हात ठेवून त्यांनी नव्या विहिणीवर तान सोडली होती:

आली आली विहीण, बसली खांबाआड,
सालीसकट संपवला केळीचा घड!

अख्खा मांडव हसला, आणि तिथेच रील संपली. पुतणीने, म्हणजे निशाने, ती टाकली. आठ दिवसांत चाळीस हजार लोकांनी पाहिली. सरुबाईंनी स्वतः निदान सत्तर वेळा. रील अगदी मोक्याच्या जागी संपते, याचं त्यांना फार समाधान होतं. आता मात्र माझ्या जिभेपायी पोरीला सासुरवास नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

“बसा ना विहीणबाई,” त्या म्हणाल्या. “पाणी आणते.”

“पाणी नंतर. निरंजन, वाच.”

निरंजनने घसा खाकरला. “माझ्या अशिलाची समाजमाध्यमांवर जाहीर बदनामी झाली असून, भारतीय न्याय संहितेच्या कलम तीनशे छप्पन अन्वये...”

“लेकिन दादा,” निशा मध्येच बोलली, “बोलायचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे ना? संविधानात लिहिलंय.”

“लिहिलंय. आणि लगेच त्याच्या खाली मर्यादा पण लिहिल्यात. तेवढं वाचायच्या आत तुम्ही रील टाकून मोकळे!”

“अहो, पण रीतच आहे ती,” सरुबाई कशाबशा म्हणाल्या. “मांडवात सगळेच गातात. कोणी मनाला लावून घेत नाही.”

“मांडवात मी लावून घेतलं का?” वैजयंतीबाईंचा आवाज चढला. “तिथे तुम्ही माझ्या तोंडावर गायल्या. मग एकमेकींना दराबा भरवला, विषय संपला. पण या मोबाइलमध्ये विषय संपतच नाही! काल फळवाल्याकडे गेले, तर तो म्हणतो, ‘मावशी, सालीसकट तोलू?’ गल्लीतली पोरं मला बघून ‘घड, घड’ करतात. ज्यांचं मी तोंड पाहिलं नाही, ते खाली लिहितात, ‘केला चोर आंटी’. मला कोणी विचारलं होतं का, की तुम्हाला टाकू का म्हणून?”

निशाची मान खाली गेली. विचारायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“तेव्हा सदर रील,” निरंजनने पुन्हा सूर पकडला, “चोवीस तासांच्या आत काढून टाकावी, अन्यथा...”

“टाकते ना! आत्ताच टाकते काढून,” म्हणत निशाने मोबाइल उघडला. तिचं बोट पडद्यावर टेकणार, तोच वैजयंतीबाई ओरडल्या, “ए पोरी, थांब! काढायला कोण सांगतंय?”

निरंजन नोटिशीकडे आणि मग मावशीकडे पाहत राहिला. “मावशी, आपण हेच तर...”

“ते तू लिहिलंस. मला विचारलंस का? तू पण निशाचाच भाऊ!” त्या निशाकडे वळल्या. “आता काढून काय होणार? चाळीस हजारांनी पाहिलं ते पाहिलंच. मला एवढंच सांग, माझं उत्तर कुठे गेलं?”

विचारत त्या निशाला होत्या, पण बघत होत्या सरुबाईंकडे. निशाने काकूंकडे पाहिलं. काकूंनी दराब्याकडे पाहिलं.

“वो... रीलमध्ये मावत नव्हतं,” निशा पुटपुटली.

“मावत नव्हतं? दोनच तर ओळी होत्या!” वैजयंतीबाईंनी पदर खोचला, कमरेवर हात ठेवला आणि ओसरीपर्यंत ऐकू जाईल असा आवाज लावला:

घड होता मोठा, आत नुसती साल,
पाहुण्यांना उपाशी ठेवून गातेस खुशाल!

निरंजन फस्सकन हसला आणि त्याने घाईघाईने नोटीस तोंडासमोर धरली. त्या दिवशीही मांडव असाच हसला होता, पहिल्यापेक्षा दुप्पट. सरुबाईंना तेव्हा यावर काही सुचलं नव्हतं.

“निशा,” त्या शेवटी म्हणाल्या, “विहीणबाईंना चालत असेल तर त्यांचं पण टाक. पूर्ण टाक.”

“चालेल तर!” वैजयंतीबाई आता कुठे खाटेवर टेकल्या. “आणि लोक हसले तेही राहू दे. माझ्या वाटचं हसू आहे ते.”

सरुबाईंनी दराब्याचा घास उचलून विहिणीच्या तोंडाशी नेला. पण विचारल्याशिवाय राहवेना. “उत्तर कुठे गेलं म्हणून विचारलं निशाला, पण तुम्ही बघत माझ्याकडेच होता. मीच कापायला लावलं, हे तुम्हाला कसं कळलं?”

“गायत्री म्हणाली,” वैजयंतीबाई घास घोळवत म्हणाल्या. “‘आत्याबाई, आई पत्त्यांत हरायला लागली की असाच डाव मोडते. चला, मीच येते तुमच्याबरोबर.’ मघापासून गाडीत तोंड दाबून हसत बसली आहे. बोलवा तिला आत.”