दोघांचा आवाज

यंत्रमागावरची पाळी संपवून अंबादास तसाच शाळेच्या पालकसभेला आला आणि लेकीशेजारी बाकावर टेकला. बोलताना तो अडखळायचा, म्हणून मागाच्या खडखडाटात न बोलता दिवस काढणं त्याला सोयीचं वाटे. भार्गवीला त्याने कधी एक ओळही वाचून दाखवली नव्हती.

"मुलांबरोबर एकाच वेळी, मोठ्याने वाचा," बाई म्हणाल्या. "आता इथेच करून बघू."

भार्गवीने पुस्तक उघडून त्याच्यापुढे सरकवलं. उठून जावं असं त्याला वाटलं.

"पप्पा, मलाही नीट येत नाही," ती हळूच म्हणाली. "आपण सावकाश वाचू."

तिने सुरुवात केली. तिच्या आवाजात त्याने आपला आवाज मिसळला. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. एकही शब्द घशात अडकला नाही. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

घरी जेवणं झाली तेव्हा अंबादासचे डोळे मिटत होते. भार्गवीने पुस्तक आणलं, पण त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही दमलाय. उद्या वाचू."

"द... दमलोय," तिच्यासाठी जागा करत तो सरकला. "पण ये. आ... आजच वाचू."