चौथ्या गिअरपासून पुढे

रोलरवर एक गाडी, तिला जमिनीशी जखडणारे चार पट्टे, समोर एक मोठा पंखा, स्टिअरिंगखालून निघालेली एक केबल आणि केबलच्या टोकाला लॅपटॉप. माणसं तीन: इंजिनची ताकद वाढवून देणारा ट्यूनर, गाडीचा मालक आणि मालकाची आई. आई भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसली होती. घरी कंटाळा येतो म्हणून आले, असं तिनं कुणी न विचारताच सांगून टाकलं होतं.

रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजली, तर पडद्यावर एकशे नऊ हॉर्सपॉवर दिसत होते. कंपनीतून ही गाडी दीडशेची निघते.

"ही तुम्हा लोकांची जुनी युक्ती आहे," मालक म्हणाला. "आधीचा आकडा पाडून दाखवायचा, म्हणजे नंतरचा आपोआप फुगतो. माझ्या मित्राला अशीच टोपी घातली."

ट्यूनर चिडला नाही. असं करणारे त्याच्या धंद्यात होते. त्यानं किल्ली मालकाच्या हातात दिली आणि तुम्हीच बसा, तुम्हीच दाबा म्हणाला. मालकानं चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला. रोलर घुमले, छताचा पत्रा थरथरला, आईनं कानांवर हात ठेवले.

एकशे आठ.

आता संशय घ्यायची पाळी ट्यूनरची होती. टर्बोच्या नळ्यांत धूर सोडून त्यानं गळती शोधली, गळती नव्हती. फिल्टर स्वच्छ, इंधनाचा दाब बरोबर. धडधाकट इंजिन चाळीस हॉर्सपॉवर कुठं गहाण ठेवून आलं होतं, ते कळेना. इथं पाणी मुरत होतं. गाडी आधी कुणाकडे नेली होतीत का, इंजिनच्या कॉम्प्युटरला कुणी हात लावलाय का, असं त्यानं दोनदा, वेगवेगळ्या शब्दांत विचारलं.

"आईशप्पथ, कुणी नाही," मालक म्हणाला.

आई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

ट्यूनरनं कॉम्प्युटरमधली सगळी माहिती लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि कंपनीच्या मूळ फाइलशेजारी मांडली. जिथं फरक, तिथं चौकट लाल. लाल चौकटी एकाच तक्त्यात होत्या: कोणत्या गिअरमध्ये इंजिननं जास्तीत जास्त किती जोर लावायचा, त्या तक्त्यात. पहिले तीन गिअर जसेच्या तसे. चौथ्यापासून पुढे मर्यादा खाली आणलेली, तीही इतक्या सफाईनं, की गाडीला कुठं साधा हिसका बसू नये. करणाऱ्याचा हात चांगला होता. पण पैसे मोजून ताकद कमी करून घेणारं गिऱ्हाईक ट्यूनरनं आजवर पाहिलं नव्हतं. शेवटचा बदल कधी झाला, ती तारीख कॉम्प्युटरनं नोंदवून ठेवली होती. ती त्यानं वाचून दाखवली.

मालकाला तारीख आठवली. त्या आठवड्यात तो कामासाठी परगावी होता आणि गाडी घरी झाकून ठेवलेली होती. तरी त्यानं आधी सर्व्हिसिंगवाल्यावर संशय घेतला, मग अधूनमधून गाडीची किल्ली मागायला येणाऱ्या शेजाऱ्यावर. शेजाऱ्याला पोलिसांत खेचायची भाषा निघाली, तेव्हा आई बोलली.

"तो कॉम्प्युटरवाला तर म्हणाला होता, कुणाच्या बापाला कळणार नाही."

शिंप्यानं कापड बिघडवल्यावर बोलावं, तसं ती म्हणाली.

मालक वळला. "तू? तुला तर चालवताही येत नाही."

"मामानं चालवत नेली त्याच्याकडे. मी शेजारी बसले होते."

"किती कमी करायला सांगितलंस?"

"आकडे मला काय कळतात? म्हटलं, गावात फरक जाणवता कामा नये. आणि हायवेवर ट्रकच्या पुढं घुसायचा धीर होता कामा नये."

"इतके दिवस मला वाटतंय, मीच भित्रा झालो."

"मग बरंच चाललं होतं की," आई म्हणाली.

मालक लॅपटॉपकडे वळला. मग ट्यूनरला म्हणाला, जेवढी निघेल तेवढी काढा, हातचं राखू नका. ट्यूनरनं आईकडे पाहिलं. तिनं पर्सची चेन ओढली आणि त्याची गाडी आहे, करा म्हणाली.

नवी फाइल चढली. रोलरवर आकडा आला एकशे चौऱ्याऐंशी. या वेळी मालकानं तो पुन्हा काढायला लावला नाही.

काम मात्र संपलं नव्हतं. पंख्याची हवा आणि रस्त्यावरची हवा यांत फरक असतो, म्हणून एक फेरी बाहेर मारावी लागते. ट्यूनरनं समजावून सांगितलं: मागचा रस्ता सरळ आणि रिकामा आहे, तिसरा गिअर टाकायचा, ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण तळाला न्यायचा, शंभर टक्के, आणि इंजिन वरच्या टोकाला पोचेपर्यंत सोडायचा नाही. बाकी सगळं गाडीत लावलेलं यंत्र लिहून घेईल.

पट्टे सुटले. आई उठली, शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि तिनं बेल्ट लावला. मालकानं तिला उतरायला सांगितलं.

"मला बघायचंय, कशी जाते ती."

दार धरून तो थांबला. ती उतरेना. ट्यूनर म्हणाला, एका माणसाच्या वजनानं काही बिघडत नाही. शेवटी मालक बसला आणि गाडी गेटबाहेर पडली.

ट्यूनर दारात उभा राहून ऐकत होता. मागच्या रस्त्यावरून इंजिनचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही.

गाडी परत आली. आई उतरून खुर्चीकडे गेली. मालकानं तिच्याकडे न बघता किल्ली ट्यूनरच्या हातात ठेवली.

"मारली?" ट्यूनरनं विचारलं.

"मारली."

ट्यूनरनं लॅपटॉप जोडून नोंद उघडली. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग होती, कुठं तुटलेली नव्हती. गिअर, तिसरा. ॲक्सिलरेटर, जास्तीत जास्त: एकतीस टक्के.