आमच्या बाकावर

पुंगोल या परदेशी उपनगरातल्या एका काँडो सोसायटीच्या भिंती रंगवणारा बांगलादेशी मजूर बागेतल्या बाकावर जेवत होता. एका रहिवाशानं लाथेनं त्याचा डबा उडवला. "काळ्या, आमच्या बाकावर बसतोस?" शेजारच्या बाकावर बायकोसोबत बसलेला प्रबोध चपापला. बायको कुजबुजली, "अहो, आपल्याला काय करायचंय? चला घरी." पण बाटली हातात घेऊन तो माणूस त्यांच्याकडेच वळला. "तूही त्यांच्यातलाच!" प्रबोधनं घाईघाईनं आपलं सोसायटीचं रहिवासी कार्ड दाखवलं. "मी मजूर नाही हो! इथंच राहतो, इंजिनिअर आहे." बाटली त्याच्या कपाळावर फुटली. फुटकी बाटली पुन्हा उगारली गेली, तेव्हा मजुरानं त्या माणसाचा हात पिरगळून त्याला आडवं केलं. मग गळ्यातला टॉवेल प्रबोधच्या जखमेवर दाबला. धावत आलेला गार्ड मजुरावरच खेकसला, "बाहेर हो! कार्ड आहे तुझ्याकडे?" प्रबोधनं रक्तानं माखलेलं आपलं कार्ड पुढे केलं. "हा माझा पाहुणा आहे."